तंबोरा शिष्याच्या घरी

झूमवर तंबोरा लावला की पहिले काही सेकंद तो चांगला ऐकू येतो. मग विरायला लागतो. कधी तुटक, कधी पाण्याखालून आल्यासारखा, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या विद्यार्थ्याच्या कानी त्यातलं जवळजवळ काहीच पडत नाही. शिक्षिकेच्या खोलीत मात्र तो भरून वाजत असतो. 2020च्या उन्हाळ्यात कितीतरी गायनशिक्षकांचं घोडं पहिल्याच तासाला इथे अडलं. बहुतेकांनी इंटरनेटला बोल लावला. नवा राउटर आणला, महागडं कनेक्शन घेतलं, तरी तंबोरा विरायचा तो विरतच राहिला.

दोष इंटरनेटचा नव्हताच. ही सॉफ्टवेअरं घडली ती कचेऱ्यांतल्या बैठकांसाठी. बोलणाऱ्याच्या मागे पंखा फिरत असतो, एसी घुमत असतो, शेजारी मिक्सर चालू असतो. ते सगळं गाळून बोलणं तेवढं पुढे पाठवायचं, हे त्यांचं काम. ओळखण्याची खूण सोपी: चढतं-उतरतं, थांबतं ते माणसाचं बोलणं, एकसारखं चालू राहतं तो गोंगाट. आता तंबोऱ्याचं सगळं मोल त्याच्या एकसारखं चालू राहण्यात आहे. गायकाने ज्या गुणासाठी त्याला पाठीशी घेतलं, नेमक्या त्याच गुणापायी सॉफ्टवेअर त्याला पंख्यात जमा करतं. लांब लावलेल्या सुराचंही तेच. मुलीने षड्ज जितका स्थिर धरावा, तितका तो पुसला जाण्याचा संभव जास्त. सूर हलला की आवाज पलीकडे जातो, ठरला की गडप होतो. ज्या वर्गात सूर ठरवायला शिकवायचं, तिथे यापरता उलटा न्याय नाही.

मराठी घरांतून चालणारे असे थेट वर्ग मी गेली काही वर्षं कडेला बसून ऐकत आले आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका गायनशिक्षिकेकडे, मिरजेतल्या एका तबलाशिक्षकांकडे, आणि त्यांच्या परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या बाजूनेही. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं. कोणाला काय आणि केव्हा ऐकू जावं, हे ज्या शिक्षकाने आधी ठरवलं, त्याचा वर्ग रंगतो. ज्याने ते यंत्रावर सोडलं, त्याचा निम्मा तास ‘आवाज येतोय का?’ विचारण्यात जातो.

एरिक युआन यांनी झूम ही कंपनी काढली ती 2011 साली. डिसेंबर 2019 मध्ये तिच्यावर दिवसाला जास्तीत जास्त 1 कोटी सहभागी असत. मार्च 2020 मध्ये तो आकडा 20 कोटींवर गेल्याचं कंपनीने स्वतःच जाहीर केलं. या लोंढ्यात शाळा होत्या, कीर्तनं होती, योगवर्ग होते आणि गाणंही होतं. मैफली बंद, शिकवण्या बंद. गाण्यावर घर चालवणाऱ्यांना दुसरा आधार नव्हता. संगीतकारांची अडचण कंपन्यांच्याही लक्षात आली. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय होतीच, तिला पुढे ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ची जोड मिळाली. ते चालू केलं की गोंगाट गाळणं थांबतं आणि आवाज बोलण्याच्या काटकसरीने न जाता पुष्कळ भरघोस जातो. गूगल मीटमध्ये गोंगाट गाळण्याचं बटण सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावं लागतं. टीम्सनेही संगीतासाठी वेगळी सोय दिली आहे.

मेख अशी, की ही सोय दोन्ही बाजूंना चालू असावी लागते. शिक्षकाने आपलं यंत्र नीट केलं आणि विद्यार्थ्याने नाही, तर गुरूचं गाणं शिष्याला स्वच्छ ऐकू येतं, शिष्याचं मात्र गुरूपर्यंत कुरतडून पोचतं. मग गुरू नसलेला दोष काढत बसतो. पुण्याच्या त्या बाई (विद्यार्थी त्यांना ताई म्हणतात) नव्या विद्यार्थ्याचा पहिला अर्धा तास गाण्याला घेतच नाहीत. त्याच्याकडून, लहान मूल असेल तर आईवडिलांकडून, एकेक बटण दाबून घेतात. मग त्याला ‘सा’ धरायला सांगतात आणि स्वतः डोळे मिटून ऐकतात. सूर श्वास संपेपर्यंत सलग आला तर पुढे. मध्ये खड्डा पडला तर पुन्हा सेटिंग.

आवाज गाळणं बंद केलं की प्रतिध्वनी रोखणंही सैल पडतं. गुरूचा आवाज शिष्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि गुरूला परत ऐकू येतो. म्हणून हेडफोन हवा, आणि तो तारेचा. ब्लूटूथचा हेडफोन दिसायला सुटसुटीत, पण त्याचा मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक यंत्रांवर सगळाच आवाज टेलिफोनच्या दर्जाला उतरतो, शिवाय उशीर वाढतो तो वेगळाच. साधा तारेचा इअरफोन या कामात भारी ब्लूटूथला मागे टाकतो. गायनाच्या विद्यार्थ्याने तो एकाच कानात घालावा आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवावा. दोन्ही कान बंद करून गाणारी मुलं हमखास आवाज चढवतात आणि कणसूर होतात.

तबल्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्जाचे आवाज देऊच शकत नाही. चाटी खणखणीत ऐकू येते, डग्गा नाहीसा होतो. ‘धा’ आणि ‘ता’ यांतला फरकच डग्ग्याचा. तो गेला की कायद्यातली भरी आणि खाली सारखीच वाजते. मिरजेच्या सरांनी पहिले काही महिने मुलांचे हात पाहून बोल ओळखले. आता त्यांच्या डोक्यावर लाकडी पट्टीला बांधलेला जुना मोबाइल आहे. तोच दुसरा सहभागी म्हणून वर्गात येतो आणि वरून दोन्ही हात दाखवतो. त्याचा मायक्रोफोन आणि स्पीकर बंद, नाहीतर एकाच खोलीतली दोन यंत्रं एकमेकांना ऐकून शिट्टी घुमवतात. वरून दिसणारा हात हा ऑनलाइन वर्गाचा खरा लाभ मानावा लागेल. समोर बसलेल्या मुलाला गुरूचा डावा हात तबल्या-डग्ग्यांच्या आडून दिसतो. इथे मनगट डग्ग्यावर कुठे टेकतं, घिस्सा देताना ते कसं पुढे सरकतं, हे थेट वरून पाहता येतं.

आता उशिराकडे येऊ, कारण सगळं नीट बसवूनही जी गोष्ट बसत नाही ती ही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी आवाजाला एका बाजूने जायला 60 मिलिसेकंदांहून जास्त लागणार. केबल सरळ जात नाही, शिवाय आवाज बांधायला, उलगडायला आणि वाटेत मागे-पुढे झालेले तुकडे सांधायला वेळ लागतो. जाऊन-येऊन पाव सेकंद किंवा त्याहून जास्त उशीर ही या वर्गांतली रोजची गोष्ट आहे. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांचा धरला, तर एक मात्रा पाव सेकंदाची. गुरूने इथे ठेका धरला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मुलाने त्यावर तुकडा वाजवून सम गाठली, तर ती गुरूच्या कानी एक पूर्ण मात्रा उशिरा येते. मुलगा बिनचूक असतो, गुरूही बिनचूक असतो, आणि सम कोणालाच सापडत नाही.

प्रत्यक्ष मैफलीतही उशीर असतोच. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन मीटरवरच्या तबल्याचा ठेका गायकाला सहा मिलिसेकंदांनी पोचतो. एवढं कानाला कळत नाही. वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या पुढे मात्र सोबत वाजवणं जड जायला लागतं आणि लय ओढली जाते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रिस चेफ यांनी जॅकट्रिप नावाची प्रणाली घडवली. ती आवाज न दाबता, जमेल तितक्या कमी उशिराने पाठवते. चांगली फायबर आणि तारेने जोडलेली यंत्रं असतील तर पुणे आणि मुंबई यांच्यामध्ये अशा प्रणालीवर एकत्र वाजवणं आवाक्यात येतं. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये ते कोणत्याही सॉफ्टवेअरला जमणार नाही, कारण हा उशीर प्रकाशाच्याच वेगाशी बांधलेला आहे. कोणी तशी जाहिरात केली तर विश्वास ठेवू नये.

मग मार्ग काय? अनुभवी शिक्षकांनी तो आपापल्या परीने शोधला आणि गंमत म्हणजे सगळे एकाच जागी पोचले. तंबोरा शिष्याच्या घरी वाजला पाहिजे. तालमाला, लेहरा, ठेका, सगळं शिष्याकडे. गुरूकडून आलेल्या तालावर शिष्याने गायचं नाही. आपल्या खोलीत लावलेल्या तालावर गायचं. त्याचं गाणं आणि त्याचा ताल हे दोन्ही एकाच मायक्रोफोनमधून, एकाच उशिराने निघतात, त्यामुळे गुरूपर्यंत पोचताना त्यांचं आपसातलं नातं तसंच राहतं. सम तिथे चुकली तर इथेही चुकलेलीच ऐकू येते, आणि साधली तर साधलेली. सारा वर्ग सेकंदभर उशिरा आला तरी बिघडत नाही.

सांगायला ही एवढीशी गोष्ट, पण तिने वर्गाची मांडणीच पालटते. पूर्वी गुरूच्या घरी तंबोरा लागलेला असायचा, शिष्य येऊन त्याच्या सुरात बसायचा. आता दहा वर्षांच्या मुलीला स्वतःची पट्टी माहीत असावी लागते. ताईंचा तास असा सुरू होतो: “पट्टी कुठली?” “काळी तीन, ताई.” “कालच्यापेक्षा खाली का वाटतेय? ॲप बघ.” मुलगी बघते, खरंच काळी दोन लागलेली असते. ती सुधारते, क्षणभर ऐकते आणि मगच तोंड उघडते. सूर जुळवून घेण्याची ही जबाबदारी पूर्वी विद्यार्थ्याच्या वाट्याला फार उशिरा यायची. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने तिची सुरुवात कित्येक वर्षांपूर्वी केली आणि मोबाइलवरच्या ॲपने ती घरोघरी नेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण परदेशातल्या बहुसंख्य मुलांनी जवारी लावलेला भोपळा मांडीशी घेतलेला नाही. ॲपवर सगळं शिकवावं आणि पहिल्या भारतभेटीत त्यांना खरा तंबोरा छेडायला लावावा, एवढं तरी पालकांनी करावं असं मला कळकळीने वाटतं.

दुसरी मोठी उलथापालथ एकत्र गाण्याची. प्रत्यक्ष वर्गात पलटे सगळे मिळून म्हणतात. कच्चा गळा पक्क्या गळ्याच्या आधाराने वर जातो. ऑनलाइन वर्गात आठ मायक्रोफोन उघडे ठेवले तर आठ वेगवेगळे उशीर एकमेकांवर आदळतात. म्हणून सगळ्यांचे मायक्रोफोन बंद, ताई पलटा म्हणतात, प्रत्येक जण आपल्या खोलीत त्यांच्याबरोबर म्हणतो. त्याला गुरूचा आवाज आणि स्वतःचा आवाज मिळून येतो, त्यामुळे त्याच्यापुरतं ते सहगान असतं. गुरूला मात्र शांततेत, समोरच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत शिकवावं लागतं. हे फार थकवणारं आहे. मग एकेकाचा मायक्रोफोन उघडून तोच पलटा ऐकायचा. यात वेळ जातो, पण एक गोष्ट घडते: घोळक्यात लपणारं मूल लपू शकत नाही, आणि बाकीचे सात जण दुसऱ्याची चूक आणि तिची दुरुस्ती ऐकतात. आपल्या परंपरेत तालीम ऐकणं हीसुद्धा तालीमच मानली जाते. आधी गुरूने जागा घ्यायची, मग शिष्याने, हा आपला जुना क्रम या माध्यमाला बरोबर मानवतो. बंदिशीचा मुखडा, एक आलाप, एक छोटी तान, असं तुकड्यातुकड्याने देणं-घेणं पाव सेकंदाच्या उशिराने बिघडत नाही.

एका यांत्रिक गोष्टीकडे मात्र शिक्षकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. जाळ्यातून येणारे आवाजाचे तुकडे उशिरा आले किंवा एकदम साठले, की सॉफ्टवेअर ते सांधताना आवाज किंचित ताणतं किंवा आवळतं. सूर तोच राहतो, पण लय क्षणभर वाढते किंवा रेंगाळते. गूगल मीट ज्या वेबआरटीसी तंत्रावर चालतं, त्यात ही कारागिरी मुद्दाम बसवलेली आहे. बोलण्यात ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. तबल्याच्या कायद्यात ती विद्यार्थ्याची घाई म्हणून ऐकू येते. मिरजेचे सर आता लयीबद्दल ऑनलाइन कधीच रागावत नाहीत. शंका आली की म्हणतात, “तेवढंच फोनवर रेकॉर्ड करून पाठव.” मुलगा व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रण पाठवतो, सर ते दोनदा ऐकतात आणि मग बोलतात. कितीतरी वेळा मुलाची लय निर्दोष निघते. प्रत्येक संगीतशिक्षकाने हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असं मला वाटतं. लहान मुलाला त्याने न केलेल्या चुकीबद्दल वारंवार टोकलं, तर त्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा उडतो, आणि तो परत बसवायला वर्षं जातात.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. स्टॅनफर्डचेच जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची कारणं मांडली. त्यातलं एक कारण सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं हे होतं. गाण्याच्या वर्गात हे दुधारी आहे. रोज स्वतःकडे बघत गाणारं मूल सुरापेक्षा केसांकडे लक्ष देतं, म्हणून स्वतःचं चित्र लपवण्याची सोय वापरावी. पण मुद्रादोष काढायला शिष्याला आरशासमोर बसवण्याची आपल्याकडची रीत जुनीच आहे. तोंड वाकडं होतंय, मान ताठ होतेय, असं दिसलं की ताई त्या दिवसापुरतं सांगतात, “आज स्वतःला बघत गा.”

बाकी व्यवस्था पटकन सांगते, कारण ती आता बहुतेकांना ठाऊक आहे. प्रतीक्षाकक्ष चालू ठेवावा आणि दुवा उघड्या गटात टाकू नये. एप्रिल 2020 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने झूमबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती ती अशाच घुसखोरीच्या पार्श्वभूमीवर. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांची मर्यादा आहे आणि 2022 पासून ती दोघांच्या भेटीलाही लागू झाली. ही मर्यादा काही शिक्षकांनी उलट सोयीची करून घेतली: चाळीस मिनिटं तालीम, मग सगळ्यांनी आपापल्या घरी रियाज, मग हवं तर पुन्हा जोडणं. राउटरला तारेने जोडावं. त्याला छोटा इन्व्हर्टर असावा, कारण सांगली-मिरजेकडे वळवाच्या दिवसांत वीज नेमकी वर्गाच्या वेळी जाते. मुद्रण करायचं तर पालकांना विचारून, आणि शक्यतो गुरूच्या गाण्याचंच. बंदिश मुद्रित मिळाली की पाठांतर ढिलं पडतं ही तक्रार मी बहुतेक सगळ्यांकडून ऐकली आणि ती खरी आहे. ताई बंदिश आधी तोंडी पाठ करून घेतात, मगच मुद्रण देतात.

‘असं पडद्यावर का गाणं येतं?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. त्याचं उत्तर मला गाण्याच्या वर्गांच्याच इतिहासात दिसतं. 5 मे 1901 रोजी लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. फी, वर्ग, पाठ्यक्रम, परीक्षा अशी चौकट आखून गाणं उस्तादांच्या घरातून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत आणलं. त्यांच्या पश्चात शिष्यांनी 1931 मध्ये मंडळ उभं केलं, आणि आज प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा देणाऱ्या मुलांना वर्गात बसून गाणं शिकण्यात काही वावगं वाटत नाही. वर्गाने गुरुकुलाची जागा घेतली नाही. जे गुरुकुलात कधीच पोचले नसते त्यांना त्याने दार उघडलं. ऑनलाइन वर्गाकडे मी त्याच नजरेने पाहते. गडहिंग्लजच्या मुलीला पुण्यातल्या गुरूकडे आठवड्याला एसटीने येणं परवडत नव्हतं, ती आता शिकते. मिरजेच्या शिक्षकांची मिळकत एका गावाच्या शिकवण्यांवर अडून राहिली नाही.

तरीही जे मिळत नाही ते मिळत नाही. साथ मिळत नाही. गुरूच्या सुरात सूर मिसळण्याचा, त्यांच्या आवाजाखाली स्वतःचा आवाज टेकवण्याचा अनुभव पडद्यावर येत नाही. विलंबित ख्यालाची बढत एका टप्प्यापुढे ऑनलाइन नेता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे गुरू शब्दाने शिकवत नाही, शेजारी बसून श्वासाने शिकवतो. म्हणून परदेशातल्या मुलांनी वर्षातून काही आठवडे इथे येऊन बसावं, आणि शिक्षकांनी तो काळ शिबिराच्या गर्दीत न घालवता एकेकाला समोर घेऊन घालवावा. ताईंकडे डिसेंबरच्या सुट्टीत हेच चालतं. पडद्यावर उत्तम गाणारी मुलगी प्रत्यक्ष तंबोऱ्याशेजारी बसली की पहिले दोन दिवस बुजते. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज मोठा झालेला असतो.

राहता राहिला रागसमयाचा प्रश्न. पुण्यात शनिवारी पहाटेचे सहा म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत शुक्रवारचे रात्रीचे साडेआठ. समय कोणाचा मानायचा? ताईंनी शिष्याचा मानला. त्या पुण्यात उजाडताना यमन आणि बिहाग शिकवतात, आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला, तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा, भैरव. सुरुवातीला गळा ऐकत नव्हता, असं त्या सांगतात. संध्याकाळी भैरवातला कोमल ऋषभ आंदोलित करायला बसलं की मारव्याचा ऋषभ पुढे यायचा. आता दारं-खिडक्या लावून, आधी दहा मिनिटं नुसता तंबोरा ऐकून मग त्या सुरू करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर पहाटेचा वर्ग सातला आणि संध्याकाळचा साडेसहाला. पेठेतल्या ज्या मुली रविवारी साडेसहाला प्रत्यक्ष शिकायला येतात, त्यांना यंदा मार्चपर्यंत साडेसातला यायला सांगितलं आहे. त्यातल्या दोघी मात्र साडेसहालाच येऊन मागे बसतात आणि भैरव ऐकतात.